वरच्या गल्लीतलं लाल टोपण

माझ्या नणंदेबरोबर रस्त्याने चालणं म्हणजे शिक्षा. आपण काहीतरी मनापासून सांगत असतो, ती हूं हूं करत असते, आणि मधेच तिचं हूं बंद होतं. मागे वळून पाहावं तर बाईसाहेब कुणाच्या तरी कुंपणापाशी उकिडव्या बसलेल्या. तिथल्या हायड्रंटवर वेल चढलेला असतो, नाहीतर कुणीतरी त्याला खेटून कचऱ्याचा डबा ठेवलेला असतो, आणि हे काही तिला बघवत नाही. मग ती त्या घराची घंटी वाजवते. पुढचं मला पाठ आहे. "पान्हा घेऊन माणूस याच्याभोवती पूर्ण फिरला पाहिजे. तुमच्याकडे आधी कोयता लागेल. कधी काढताय हे?" काढतो म्हणाला, तरी "कधी" हा प्रश्न सुटत नाही. एकदा आम्ही दोघी सिनेमाला निघालो होतो. मध्यंतराला पोचलो.

तिच्यावर चिडले की मी तिला वन्सं म्हणते, एरवी ताई. गेल्या वर्षात वन्संच जास्त म्हटलं असेल.

ती शहराच्या पाणीपुरवठा खात्यात नोकरीला आहे. आगीच्या वेळी बंबाला पाणी देणारे रस्त्याकडेचे हायड्रंट तपासायचे, हे तिचं काम. टोपण उघडायचं, गेज लावायचं, पाणी सोडायचं, दाब मोजायचा आणि मग टोपणाला रंग द्यायचा. हा रंग शोभेचा नसतो, हे मला लग्नानंतर तिनेच शिकवलं. भरपूर पाणी असेल तर निळा, पुरेसं असेल तर हिरवा, जेमतेम असेल तर नारिंगी आणि भरवसा ठेवू नये असं असेल तर लाल. बंब भरधाव येतो तेव्हा बंबवाल्यांना चौकशा करायला वेळ नसतो. ते टोपण बघतात आणि ठरवतात, इथे थांबायचं की पुढे जायचं.

आमचं घर शहराच्या अगदी काठावर होतं. टेकडीवर चढणाऱ्या रस्त्याला तीन गल्ल्या फुटतात, त्यातली सगळ्यात वरची आमची. आमच्या गल्लीपाशी रस्ता संपतो आणि रान सुरू होतं. पाहुणे आले की अंगणात उभं राहून लांब श्वास घ्यायचे आणि तुमची मजा आहे म्हणायचे. उन्हाळ्यात ते गवत वाळून कागद होतं आणि आमची झोप उडते, हे त्यांना कोण सांगणार.

माझे सासरे बस चालवायचे. पूर्वी, म्हणजे माझं लग्न व्हायच्या आधी, आमच्या समोरचं घर जळलं. ते सासऱ्यांच्या जिवलग मित्राचं, शिंप्याचं. बंब वेळेत आला होता, पण तेव्हा वरच्या गल्लीत हायड्रंटच नव्हता. बंबात होतं तेवढं पाणी संपलं आणि मग सगळी गल्ली हात बांधून बघत उभी राहिली. सासरे बादल्या घेऊन धावत होते. शिंपी पुढे मुलाकडे राहायला गेला, परत कधी आला नाही. सासऱ्यांनी मात्र ड्युटी संपली की खात्याचे उंबरठे झिजवायला सुरुवात केली. साहेबांना सळो की पळो करून सोडलं आणि शेवटी गल्लीत हायड्रंट बसवून घेतला. तो बसला आमच्याच फाटकासमोर. तेव्हापासून तो "माझा नळ". रोज सकाळी फडक्याने पुसायचा, दरवर्षी टोपणाला हिरवा रंग द्यायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी जाड नळी आणि पान्हासुद्धा विकत आणला.

"वणवा आला तर तुम्ही सगळे खाली जा," ते म्हणायचे. "मी इथे आहे. माझ्याकडे पाणी आहे." हे ते जेवताना, पेपर वाचताना, केव्हाही म्हणायचे. आम्ही हसायचो. ताई हसत नसे.

तिचं बिनसलं ते मागच्या उन्हाळ्यात. शहराच्या पलीकडच्या टेकडीवर वणवा उतरला होता. बंब हिरवं टोपण बघून थांबला, नळी जोडली, आणि हायड्रंट दोनदा खोकला आणि गप्प झाला. माणसं वाचली, घरं गेली. ताई त्या हायड्रंटचा दाब मोजून आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. ती जेवली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "वहिनी, तो मीच हिरवा केला होता. आणि माझी तपासणी नियमाप्रमाणे बरोबर होती."

तिथेच सगळी मेख होती. नियम असा, की एका वेळी एकच हायड्रंट उघडून तपासायचा. सपाट भागातल्या वस्तीसाठी हे ठीक होतं. तिथे एक घर पेटतं, एक हायड्रंट उघडतो. वणवा काही एका घराला लागत नाही. तो आख्ख्या टेकडीवर उतरतो, तिन्ही गल्ल्यांत बंब उभे राहतात आणि सगळे एकाच पाइपचं पाणी ओढतात. त्यात आमच्या टेकडीला पाणी येतं ते खालून, एकाच पाइपने. तो पाइप वर चढत चढत बारीक होतो आणि आमच्या फाटकासमोर संपतो. खालच्यांनी तोंडं उघडली की वर काय उरणार?

तिने साहेबांची परवानगी काढली आणि एका रविवारी सकाळी दोन सहकाऱ्यांना घेऊन आली. एक खालच्या गल्लीत उभा राहिला, एक मधल्या. सासरे कपडे बदलून, केस विंचरून बाहेर आले होते. लेक आपला नळ तपासणार म्हणून नळी स्वतः धरणार होते. त्यांनी पान्हा फिरवला. पाण्याची धार रस्ता ओलांडून पार शिंप्याच्या रिकाम्या जागेपर्यंत गेली. शेजारचे टाळ्या वाजवायला लागले. सासऱ्यांची छाती अशी फुगली होती की मलाही बरं वाटलं.

ताईने फोनवर खालच्या दोघांना सांगितलं, "उघडा."

धार खाली आली. रस्त्याच्या मध्यावर आली, मग अलीकडे, मग सासऱ्यांच्या बुटांवर पडायला लागली. ते नळीचं तोंड वर उचलत होते, जणू हात उंच केला तर ती पुन्हा जाईल. ताईने गेज वाचलं, पिशवीतून ब्रश काढला आणि टोपण लाल करून टाकलं.

"माझ्या दारात?" सासरे म्हणाले. "स्वतःच्या बापाच्या दारात?"

"दार कुणाचं ते टोपणाला कळत नाही, बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपण हिरवं होतं. संध्याकाळी कामावरून आमच्याकडे येऊन ताईने ते लाल केलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा हिरवं. आठवडाभर हे चाललं. रस्त्यावर दोन्ही रंगांचे ओघळ, फाटकावर शिंतोडे, आणि मी मधल्यामधे दोघांच्या हातांना रॉकेल लावून रंग काढून देतेय. नवऱ्याला म्हटलं तुझे बाबा आहेत, तुझी बहीण आहे, तू बोल. त्याने कानावर हात ठेवले. माझं डोकंच फिरलं होतं. दोघांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी घालावी असं वाटायचं.

शेवटी एका संध्याकाळी ताईने टोपण लाल केलं, ब्रश बाहेरच ठेवला आणि आत आली. सासऱ्यांसमोर खुर्ची ओढून बसली. "तुमचा हिरवा रंग बघून एखादा बंब इथे थांबला, तर त्यात बसलेली माणसं मरतील. तीसुद्धा कुणाचीतरी मुलं आहेत. तुम्हाला रंगवायचं असेल तर रंगवा. मी आता पुसणार नाही."

त्या दिवसापासून टोपण लाल राहिलं आणि सासऱ्यांनी लेकीशी बोलणं टाकलं.

म्हणजे अगदी टाकलं असंही नाही. सगळं माझ्यामार्फत चालायचं. ती समोर बसलेली असायची आणि ते मला विचारायचे, "तुझी नणंद जेवून आली आहे का?" मी तिच्याकडे बघायची. ती मला म्हणायची, "सांग, नाही." मग ते म्हणायचे, "वाढ तिला." तीन माणसांत दोन कान आणि एक तोंड, असा आमचा संसार.

गल्लीनेही तिला धारेवर धरलं. लाल टोपणामुळे घरं विकली जाणार नाहीत, विमा मिळणार नाही, बाईला स्वतःच्या गल्लीचा काय राग आहे. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातला डॉक्टर तर तिला बघून रस्ता बदलायला लागला. ती मात्र खात्यात मोठ्या साहेबांच्या खनपटीला बसली. साहेब वाईट माणूस नव्हता, गेज धरायला तिला त्यानेच शिकवलं होतं. तो म्हणाला, तुझं खरं आहे, पण नियम सगळ्या शहराचा एक आहे, मी एकटा कसा बदलू? ती म्हणाली, मग एकटे नका बदलू. मला नियम ठरवणाऱ्या सभेत न्या. सभेत तिला बोलू दिलं नाही. पुढच्या सभेत वेळ संपली. त्याच्या पुढच्या सभेला ती बंबवाल्यांच्या प्रमुखाला घेऊन गेली, ज्याचा बंब त्या पलीकडच्या टेकडीवर कोरडा पडला होता. त्याने उभं राहून एवढंच सांगितलं, की हिरव्या टोपणावर विश्वास ठेवून मी माझी पोरं आगीत उभी केली होती.

नियम झाला. रानाला लागून असलेल्या वस्तीत एका ओळीतले सगळे हायड्रंट एकदम उघडून तपासायचे. त्यांना पाणी दोन बाजूंनी यायला हवं, म्हणजे एक पाइप कमी पडला तर दुसरा भरून काढेल. आणि तोपर्यंत टोपणाने खरं बोलायचं. शेजारच्या टेकडीवरून आमच्या गल्लीपर्यंत नवा पाइप टाकायचं ठरलं आणि खणायला सुरुवात झाली. तिने त्या दिवशी मला फोन केला आणि फोनवर नुसती रडली. मी म्हटलं, वन्सं, आता तरी नीट झोपा.

सासरे रोज सकाळी फाटकात खुर्ची टाकून बसायचे आणि चर किती पुढे आला ते बघायचे. खणणाऱ्यांना चहा नेऊन द्यायचे. लेकीबद्दल चकार शब्द नाही. एकदा मुकादमाला मात्र म्हणाले, "हे माझ्या मुलीने करवलंय." मी खिडकीतून ऐकलं. तिला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर सासऱ्यांनी मी असं बोललोच नाही म्हटलं असतं.

चर शेवटच्या वळणापर्यंत आला आणि उन्हाळा आला. पाइप जोडायचे राहिले होते.

वणवा दुपारी आला. आमचं घर वाचलं की नाही हे आत्ताच सांगते, म्हणजे तुम्ही त्याची वाट बघत बसणार नाही. नाही वाचलं. वारा रानाकडून होता आणि धूर आधी पिवळा, मग तपकिरी झाला. गाड्या हॉर्न वाजवत खाली जायला लागल्या. नवरा शहराच्या दुसऱ्या टोकाला कामावर. मी कागद, औषधं, सासूबाईंचा फोटो गाडीत टाकला आणि बाहेर येऊन बघते तर सासरे हायड्रंटला नळी जोडून फाटकात उभे.

"बाबा, चला."

"तू जा. मी छप्पर ओलं ठेवतो."

मी ओरडले, हात जोडले, शिव्या दिल्या म्हटलं तरी चालेल. ते ठाण मांडून उभे. नळीतून करंगळीएवढी धार येत होती आणि ती छपरापर्यंत पोचतही नव्हती. गल्लीच्या टोकाचं घर पेटलं होतं. मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती, आणि इतका रागही कधी आला नव्हता. त्यांना तिथे सोडून गाडी सुरू करावी असं माझ्या मनात आलं, आणि मी ते करू शकत नाही हेही कळत होतं.

ताईचा फोन आला. ती आमच्या गल्लीच्या खाली, रस्त्याच्या वळणावर होती. तिथे आमच्या गल्लीचं पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह आहे. मी म्हटलं, बाबा येत नाहीत. ती म्हणाली, फोन मोठ्या आवाजावर टाक.

"बाबा, मधल्या गल्लीत वृद्धाश्रम आहे. माणसं अजून बाहेर काढतायत. बंबाला दाब मिळत नाहीये. टोकाचं घर जळलंय, त्याचे नळ फुटलेत, सगळं पाणी तिथे मोकाट वाहतंय. मला तुमच्या गल्लीचा व्हॉल्व्ह बंद करायचाय."

सासरे माझ्याकडे बघून म्हणाले, "तिला सांग, कर की मग." तेव्हासुद्धा मलाच. मागे आग आणि हे माझ्यामार्फत बोलतायत!

"वर माणूस असेल तर बंद करता येत नाही," ती म्हणाली. "नियम आहे."

"तिला सांग, माझ्यासाठी थांबू नकोस म्हणावं."

"मी तुमच्यासाठी थांबलेली नाही, बाबा. मी नियमासाठी थांबलेय. तुमच्यापुरता अपवाद करायचा असता तर ते टोपण मी हिरवंच ठेवलं असतं, आणि तुम्ही माझ्याशी बोलत राहिला असता." मागे कुणीतरी तिला हाका मारत होतं. तिचा आवाज मात्र हलला नाही. "तुम्ही तिथे उभे आहात तोवर खाली पाणी नाही. एवढंच सांगायचं होतं. आता तुम्ही ठरवा."

फोन बंद झाला. सासऱ्यांनी हातातल्या धारेकडे पाहिलं. मग वाकून पान्ह्याने हायड्रंट बंद केला, नळी सोडवली, टोपण बसवलं आणि घट्ट केलं. रोज सकाळी पुसायचे तितक्याच सावकाश. मी गाडीत स्टिअरिंगमागे बसून किंचाळत होते, बाबा, राहू द्या ते. ते गाडीपाशी आले आणि माझ्या बाजूचं दार उघडलं.

"सरक. धुरात तुला वळण दिसायचं नाही."

त्या रस्त्यावर त्यांनी किती वर्षं बस चालवली होती कोण जाणे. पुढचं काही दिसत नव्हतं आणि ते गाडी अशी नेत होते की एकदाही ब्रेक जोरात लागला नाही. मी मागे वळून पाहिलं. त्यांनी आरशातसुद्धा पाहिलं नाही.

वळणावर ताई होती. तोंडाला ओला रुमाल, डोळे लाल झालेले. रस्त्यातलं झाकण उघडं होतं आणि त्यात लांब दांड्याची, वर आडवी मूठ असलेली चावी उभी होती. तिने हात करून गाडी थांबवली आणि खिडकीत वाकली. प्रत्येक गाडीला विचारलं असेल त्याच आवाजात तिने विचारलं, "वर कोणी राहिलंय का?"

"कोणी नाही," सासरे तिला म्हणाले. तिलाच म्हणाले. "शेवटचा मी."

तिने मान हलवली आणि चावीकडे वळली. व्हॉल्व्ह कित्येक वर्षांत फिरवलेला नव्हता. ती सगळा भार टाकत होती आणि चावी जेमतेम सरकत होती. मी उतरायच्या आत सासरे उतरले. मुठीचं दुसरं टोक त्यांनी धरलं. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले आणि गोल फिरायला लागले, ती पुढे ढकलतेय, ते ओढतायत. वर आमच्या गल्लीच्या दिशेने काहीतरी मोठं कोसळल्याचा आवाज आला. ते कोणाचं घर असेल हे मला कळलं, त्यांनाही कळलं असणार. दोघांपैकी कोणी मान वर केली नाही.

तिच्या कमरेच्या वॉकीटॉकीवर मधल्या गल्लीतून आवाज आला, "दाब आला! पाणी आलं, पाणी आलं!" ताईचे हात एकदम सैल पडले. ती रडत होती.

सासऱ्यांनी चावी सोडली नव्हती.

"थांबू नकोस," ते तिला म्हणाले. "अजून थोडी फिरतेय. पूर्ण बंद कर."